तपास करायचाय, मग अर्ज कुठे भरायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

"पोलिसात जायचंय" असं बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी म्हणते, तेव्हा मनात बहुतेक वेळा गुन्ह्याचा तपास असतो. अर्ज मात्र भरलेला असतो शिपाईपदाचा. शिपायाच्या वाट्याला सुरुवातीची वर्षं येतात ती बंदोबस्त, रात्रगस्त, कैदी पार्टी (म्हणजे कैद्यांची ने-आण), समन्स-वॉरंटची बजावणी आणि संगणकावर सीसीटीएनएसच्या, म्हणजे पोलीस ठाणी जोडणाऱ्या गुन्हेनोंदीच्या प्रणालीच्या, नोंदी घेऊन. पोलीस ठाणं चालतं ते याच माणसांवर. पण तपास त्यांच्या हाती यायला वेळ लागतो. किरकोळ गुन्हे हवालदाराकडे जातात, गंभीर गुन्हे उपनिरीक्षक आणि त्याच्यावरच्या अधिकाऱ्यांकडे. म्हणून कुठल्या पदावर रोज काय काम असतं, ते आधी विचारा. भरती कधी निघणार, हा प्रश्न त्यानंतरचा.

शिपाई भरतीला बारावी पुरते. उंची पुरुषांना किमान १६५ सेंटिमीटर, महिलांना १५५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. महिलांना गुणांची वाटणी हीच, मात्र लांब धावणं ८०० मीटरचं आणि गोळा ४ किलोचा. पुरुषांचा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा.

१६०० मीटरला पैकीच्या पैकी गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं. चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. मुलं मार खातात ती पहिल्याच फेरीत. गर्दी बघून अंगात येतं, पहिली फेरी पासष्ट सेकंदांत उरकते आणि तिसरीत पाय जड होतात. पुढे दर वीस सेकंदांच्या उशिराला साधारण दोन गुण जातात. म्हणून सरावात नुसतं अंतर कापू नका. दर फेरीची वेळ घड्याळात बघून चारही फेऱ्या सारख्या काढायला शिका.

गोळ्याचं तंत्र वेगळं. पुरुषांना साडेआठ मीटरला पूर्ण गुण आहेत, आणि थोडक्या महिन्यांत गुण वाढवायला मैदानातला हाच भाग सर्वांत सोयीचा. चुका दोनच, पण सगळीकडे दिसतात. गोळा तळहातावर धरतात. तो बोटांच्या मुळाशी हवा आणि मानेला टेकलेला हवा. दुसरी चूक म्हणजे चेंडूसारखा फेकणं. गोळा ढकलायचा असतो. कोपर खाली पडलं की अंतरही जातं आणि खांदाही दुखावतो. फेकल्यावर तोल जाऊन पाय पुढे रेषेबाहेर गेला, तर तो प्रयत्न बाद. त्यामुळे सरावात फेकून झाल्यावर जागच्या जागी थांबण्याची सवय लावा.

राज्य राखीव पोलीस दलात धावणं ५ किलोमीटरचं आणि मैदानी गुण १००. तिथे उंचीही जास्त लागते. अर्जाच्या बाबतीत एक सांगून ठेवतो : एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात, अर्ज करता येतो. "जागा कुठे जास्त" म्हणून दोन जिल्ह्यांत भरून ठेवणारे उमेदवार अपात्र ठरतात. आणि नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत जाहिरातीतल्या तारखेशी ताडून पाहा. धावून, लेखी देऊन, कागदपत्रं तपासायच्या टेबलावर अडकलेली मुलं दर भरतीत असतात.

तपासच करायचा असेल, तर पदवी घ्या आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट-ब अराजपत्रित परीक्षेतून पोलीस उपनिरीक्षकपदाकडे जा. पूर्वपरीक्षा एका तासाची, १०० गुणांची. मग मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी, मुलाखत आणि निवड झाली की नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण. मुलींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी, इथे किमान उंची १५७ आहे. शिपाईपदापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. दोन-तीन वर्षं अभ्यास करून हे शेवटी कळणं फार वाईट. त्यामुळे क्लासची फी भरण्याआधी उंची नीट मोजून घ्या, डोळे तपासून घ्या, रंगांधळेपणाची चाचणी करून घ्या. तिला काही मिनिटं लागतात.

आता प्रयोगशाळेकडे वळू. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ मध्ये अशी तरतूद आहे, की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक, म्हणजे फॉरेन्सिक, तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही आता कायद्यात आलं. म्हणजे या क्षेत्रात माणसं लागणार आहेत.

पण ते काम कसं असतं, ते एका उदाहरणावरून बघा. खुनाच्या जागी रक्ताने माखलेला शर्ट मिळाला. ओला शर्ट तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला, तर आत ओल राहते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. तो सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात घालायचा, पंचांसमक्ष लाखेचं सील लावायचं, पाकिटावर गुन्हा क्रमांक, वस्तूचं वर्णन आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या. सीलचा नमुना वेगळा पाठवायचा. प्रयोगशाळेत पाकीट पोचल्यावर आधी सील जुळतंय का ते पाहतात, रक्त त्यानंतर. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या गुन्ह्यात रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड नसेल, तर जंतूंमुळे नमुन्यात अल्कोहोल कमी-जास्त होतं आणि बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं. जप्त केलेला मोबाइल नेटवर्कला जोडलेला राहिला, तर दूर बसलेला माणूस त्यातली माहिती पुसू शकतो. अनेक खटल्यांत पुरावा ढासळतो तो अशा साध्या ठिकाणी. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं, त्याने या वाटेला जाऊ नये.

शिक्षण कुठे घ्यायचं? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला आहे आणि त्याची एक शाखा गोव्यात. राज्याच्या प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे, शिवाय नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथेही प्रयोगशाळा आहेत. मात्र पाटीवर 'फॉरेन्सिक' लिहिलेल्या प्रत्येक खासगी अभ्यासक्रमाला भुलू नका. प्रयोगशाळेत रसायन, विष, जीव, भौतिक, सायबर असे विभाग असतात आणि विभागानुसार पदाची पात्रता ठरते. जुन्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना वाचा. पदवीला रसायनशास्त्र पक्कं असलेल्या मुलाला सहसा जास्त दारं उघडी राहतात.

अग्निशमनाकडे मुलं फारशी वळत नाहीत, याचं नवल वाटतं. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, मुंबईत राज्याची अकादमी आहे. अग्निशामकाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा. नगरपालिकेत जागा निघाली नाही, तरी कामाला तोटा नाही. २००६ च्या राज्य कायद्याने बहुमजली इमारतींच्या आगप्रतिबंधक यंत्रणेची तपासणी परवानाधारक संस्थेकडून करून दर जानेवारी आणि जुलैत 'ब' नमुन्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या संस्थांना जाणकार माणूस लागतो : हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या नळाचा, दाब बघणारा, पंप प्रत्यक्ष चालवून बघणारा, छतावरून पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरची वाहिनी उघडी आहे की बंद ते पाहणारा. पंप 'ऑटो'वर असण्याऐवजी 'मॅन्युअल'वर ठेवलेला सापडणं, ही तिथली नेहमीची तक्रार.

खासगी गुप्तहेरगिरीबद्दलही विचारणा होते. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांना २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. गुप्तहेरांसाठी तसा वेगळा कायदा नाही. २००७ चं विधेयक संसदेत मंजूर झालंच नाही. परवाना नाही म्हणून मोकळीक आहे, असं समजू नका. कुणाच्या फोनचे कॉल रेकॉर्ड बाहेरून मिळवणं हा गुन्हा आहे आणि २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी यावरून खासगी गुप्तहेरांना अटकही केली होती. तुम्हाला कामावर घेणारी संस्था असं काही आणायला सांगत असेल, तर त्याच दिवशी काम सोडा.