वाघ आणि फवारा

(दृश्य: पहाट. गावाची शीव. मरीमायच्या ठाण्यावर ताजा शेंदूर.)

विदर्भात गावोगाव शिवेजवळ मरीमाय बसलेली असते. पटकी आली की तिला नैवेद्य दाखवायचा आणि साथ शिवेबाहेर धाडायची, ही जुनी रीत. १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, मात्र या रीतीला जुमानली नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडात तिनं घरंच्या घरं बसवली. आज गावात मानमोडी हा शब्द ठाऊक असलेलं माणूस शोधावं लागतं.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धाकानं याच शिवेवर बाभळीच्या काट्या पडल्या. मागं आडवी बैलगाडी, पत्र्यावर चुन्यानं ‘गावबंदी’. गावात एकही रुग्ण नव्हता. पुण्याहून आलेली पोरं चौदा दिवस शाळेत ठेवली. माय फाटकापाशी डबा ठेवायची, दहा पावलं मागं सरायची, मग पोरगा यायचा.

(दृश्य: तीच शीव, रस्ता मोकळा.)

फेब्रुवारी २०२१. दुसरी लाट राज्यात आधी इकडेच उसळली. २२ तारखेपासून अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन. आणि शिवेवरच्या काट्या? त्या केव्हाच चुलीत गेल्या होत्या. जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकीचा गुलाल अंगावर होता, मांडव पडत होते. खोकणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं, “काई नाई बाप्पा, वातावरण बदललं.” आता भीती रोगाची राहिली नव्हती, तपासणीची होती. पॉझिटिव्ह निघालो तर उचलून नेतील!

रोग नव्हता तेव्हा भीती होती, रोग आला तेव्हा ती सरली होती. याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा.

(दृश्य: कपाशीचं शेत, पाठीवर पंप.)

पांढरकवडा-राळेगाव भागात एका वाघिणीवर दोनेक वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका आला. जागलीला जाणं बंद झालं, एकटं कोणी शेतात जाईना. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घातली. त्याआधी, २०१७ च्या एका हंगामात, याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो भरती झाली. पुढच्या वर्षी पंप पुन्हा पाठीवर. तोंडाला दुपट्टा, तोही घामानं भिजला की गळ्यात.

पॉल स्लोविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये हेच मांडलं होतं: अनोळखी, अघोरी, आपल्या हाती नसलेला धोका माणसाला मोठा वाटतो, रोजचा, आपल्याच हातातला धोका लहान. आकडा काहीही सांगो. पहिल्या वर्षी कोरोना वाघ होता. दुसऱ्या वर्षी तो फवारा झाला.

आणि गोम अशी की साथीची तयारी करायची असते ती वाघही नसतो, फवाराही नसतो तेव्हा. ग्रामसभेत ऑक्सिजनचा विषय काढला तर लोक आधी नालीचं विचारतात. नाली डोळ्यांपुढं वाहते, त्यांचंही चुकत नाही.

(दृश्य: आशाताईचं घर. भिंतीतलं फडताळ.)

आशाताईंनी त्या दोन वर्षांत दारोदार जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावला. तो अजून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. त्या गाठ सोडतात, बटण दाबतात. काहीच उजळत नाही.

“याचे सेल?”

त्या हसतात. “पोरानं टीव्हीच्या रिमोटात टाकले.”