जन्मसालाची वाइन वाढदिवसाला उघडायची, पण नेमकी कधी?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय. "चाळिशीला जन्मसालाच्या वाइनचं टेस्टिंग ठेवायचंय, कसं करू?" पन्नाशीवालेही बरेच आहेत त्यात. म्हणून आज फक्त तेवढंच. जन्मसालाची वाइन म्हणजे जिची द्राक्षं तुमच्या जन्माच्या साली खुडली, ती.

सोप्या गोष्टी पटकन उरकते. माणसं सहा ते आठ, बाटल्या चार-पाच. बाटलीत ७५० मिली वाइन असते आणि चाखायला ५०-६० मिली पुरते, त्यामुळे एक बाटली बारा जणांना आरामात होते. साधा पाव, भरपूर पाणी, थुंकायला भांडं. परफ्यूम आणि सुवासिक मेणबत्त्या त्या खोलीत नकोत. ग्लास तोंडाशी आत वळलेले घ्या. झालं.

आता बाटली. सगळे पहिल्यांदा फ्रान्समधल्या बोर्दो भागाचीच वाइन शोधतात. मग कुठेतरी वाचतात की आपलं साल तिथे खराब गेलं, आणि बेतच रद्द करतात. माझ्या मावसभावाचं असंच झालं होतं. तो १९७७ चा. बोर्दोमध्ये ते साल पडेलच होतं. मी त्याला म्हटलं, अरे, जरा पोर्तुगालकडे बघ! १९७७ चं विंटेज पोर्ट, म्हणजे एकाच सालची, बाटलीत मुरणारी तिथली गोड, कडक वाइन, लोक आजही जपून ठेवतात. १९६३ ची तीच गोष्ट, बोर्दो वाईट आणि पोर्ट अप्रतिम. १९९१ मध्ये एप्रिलच्या कडाक्याच्या थंडीनं बोर्दोचे कोवळे कोंब जाळले, पण त्याच सालची कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची कॅबर्ने ही लाल वाइन उत्तम आहे. १९८७ वाल्यांनीही नापाकडे वळावं. द्राक्षाला साल चांगलं की वाईट, हे त्या त्या डोंगरउतारावरचं हवामान ठरवतं. अख्ख्या जगाचं साल एकदम वाईट जात नाही.

आणि ज्यांना कुठेच काही सापडत नाही, त्यांच्यासाठी दोन नावं लिहून घ्या. कोल्हेता आणि मदेरा. कोल्हेता म्हणजे एकाच सालचं टॉनी, म्हणजे पिंपात मुरून तपकिरी झालेलं, पोर्ट. ते किमान सात वर्षं पिंपात मुरतं, कित्येकदा त्याहून खूप जास्त, आणि लेबलवर पिकाचं साल आणि बाटलीत भरल्याचं साल अशी दोन्ही असतात. मदेरा ही पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाइन. ती तर मुरतानाच उष्णता आणि हवा सोसून तयार होते, त्यामुळे तिला पुढे फारसं काही होत नाही. एकाच सालची फ्राश्केरा मदेरा पिंपातच किमान वीस वर्षं काढते.

इथे मला एक मनापासून सांगायचंय. "जुनी म्हणजे भारी" हे डोक्यातून काढा. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच बनते. १९८२ चं बोर्दो गाजलं, मान्य. पण त्याच सालच्या एखाद्या साध्या लालमध्ये आज आंबट पाण्याशिवाय काही उरलेलं नसणार. सालाआधी वाइनची जात बघा, आणि त्याहीआधी ती ठेवली कुठे होती ते विचारा. बाटली उजेडाला धरा. पातळी मानेत किंवा खांद्याच्या वरच्या भागात असेल तर चाळीस वर्षांच्या बाटलीला ती ठीक आहे. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर शंका घ्या. फॉइल चिकट लागत असेल तर वाइन बुचातून झिरपलेली आहे.

फार नामांकित बाटली घेत असाल तर त्या घराण्यानं त्या साली ती वाइन बनवली तरी होती का, हे तपासा. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावातून पोन्सो या फ्रान्समधल्या वाइन बनवणाऱ्या घराण्याच्या नावाच्या बाटल्या मागे घ्याव्या लागल्या. त्यातल्या क्लो सॅं-दनी या मळ्याच्या वाइनच्या लेबलांवर १९४५ पासूनची सालं होती, आणि पोन्सोनं ती वाइन बनवायला सुरुवात केली ती १९८० च्या दशकात. त्या पुरवणाऱ्या रुडी कुर्निआवानला पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली.

आता येते ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा व्हिडिओ करतेय. जुनी वाइन आधीपासून उघडून ठेवू नका. दर वेळी कोणीतरी लिहितंच, "ताई, तीन तास आधी डिकँट केली, म्हणजे दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवली, श्वास घ्यायला." अहो, तो नियम तरुण, टॅनिननं (द्राक्षाच्या सालीतल्या द्रव्यानं) तुरट असलेल्या वाइनचा आहे! तिला हवा लागली की ती मऊ होते. चाळीस वर्षांची वाइन आधीच मऊ झालेली असते. फळाचा वास गेलेला असतो, उरतो तो सुकलेली पानं, ओली माती, चामडं, मशरूम असा नाजूक वास, आणि हवेत तो कधीकधी अर्ध्या तासात विरतो. म्हणजे केक कापेपर्यंत तुमची बाटली संपलेली असेल, एक थेंबही न पिता.

कार्यक्रमाच्या बाजूनं बघा. पाहुणे उशिरा येणार, हे धरूनच चाला. सगळे बसले, ग्लास समोर आले, की मगच बुचाला हात लावा. तयारी मात्र आधीची हवी. बाटली दोन दिवस उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. फॉइल पूर्ण काढा. खाली काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. साधा कॉर्कस्क्रू जुन्या बुचाचा भुगा करतो, त्यासाठी आह-सो हा दोन पात्यांचा बूचकाढू वापरा. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवा, मग दुसरं. डावीकडे-उजवीकडे हलके झोके देत खाली न्या आणि पिळत पिळत वर काढा. बूच तुटलं तरी हरकत नाही, बारीक गाळणीतून ओता. मग मानेखाली टॉर्च धरा आणि न थांबता, सावकाश, एका धारेत डिकँटरमध्ये ओता. खांद्याशी गाळाची काळसर रेघ सरकताना दिसली की थांबा. हे डिकँट करणं गाळ मागे ठेवण्यासाठी आहे. ओतलीत की लगेच ग्लासात वाढा.

एकानं लिहिलंय, "नुसतं बूच काढून ठेवलं तर काय बिघडतं?" मी उलट विचारते, साधतं काय? बाटलीच्या तोंडाएवढ्या जागेतून कितीशी हवा लागणार? तरुण वाइनचं त्यानं काही भलं होत नाही, आणि जुनीला त्याची गरजच नाही. पहिल्या घोटाला वास कोंदट वाटला तर ग्लास फिरवा, पाच मिनिटं थांबा. ग्लासात हवा हवी तेवढी देता येते, एकदा दिलेली काढून घेता येत नाही. अपवाद दोनच. विंटेज पोर्ट तास-दोन तास आधी डिकँट केलेलं चालतं, आणि मदेरा आदल्या दिवशी उघडली तरी खूश असते.

क्रम कसा लावायचा? जन्मसालाची लाल वाइन शेवटी ठेवून सस्पेन्स करू नका. आधी एक फेसाळ वाइन, लगेच ती. दणकट तरुण वाइनमागून आली तर तिचं बोलणं कोणाला ऐकूच येणार नाही. जन्मसालाचं पोर्ट असेल तर ते मात्र शेवटीच. ते गोड, आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास.

जानेवारीत जन्मलेल्या एका ताईंनी छान मुद्दा काढलाय. उत्तर गोलार्धात द्राक्षं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुडतात. म्हणजे जानेवारी १९८५ चा जन्म असेल तर १९८५ ची फ्रेंच वाइन तुमच्याहून धाकटी, आणि तुम्ही पोटात असताना खुडलेली ती १९८४ ची. दक्षिण गोलार्धात खुडणी फेब्रुवारी ते एप्रिल, तिथली १९८५ ची जवळजवळ तुमच्याच वयाची. मी लेबलवरचंच साल धरते, कारण वाढदिवसाला पाहुण्यांना तोच आकडा वाचायचा असतो.

आणि त्याच सालची एक जादा बाटली ठेवाच, शक्यतो मदेरा. जुन्या बुचातून ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ती वाइन गेलेली असते, आणि तो वास हवेनं जात नाही. ती बाजूला ठेवा आणि पाहुण्यांचे चेहरे पडायच्या आत दुसरी उघडा. मदेरा नाही लागली तरी बिघडत नाही, आणि उघडलेली उरली तरी बूच लावून महिनोन् महिने टिकते. लाल वाइन मात्र त्याच रात्री संपवा.