भाड्याच्या घराच्या जुन्या खिडक्या

नमस्कार मंडळी, आज जरा घरचंच बोलतो. पंचवटीत आमचं जुनं घर आहे, भाड्याने दिलेलं, सहा खिडक्या, सगळ्या सागवानी. मागच्या पावसाळ्यात भाडेकरू ताईंचा फोन आला, काका पलंग भिजतोय हो, बाळ तिथेच झोपतं. मी म्हटलं सगळ्या काढून स्लायडिंगच बसवतो. पण थांबलो, बरं झालं थांबलो.

आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून झड त्याच बाजूला बसते. स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक चौकटीचं खालचं आडवं लाकूड टोचून बघितलं, तर पश्चिमेच्या दोन चौकटींत तो चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. बाकीच्या चार खणखणीत! फक्त काच बसवायची लांबी (पुट्टी) वाळून सुटलेली, बिजागऱ्या ढिल्या. मग खिडक्या बंद करून कडेने उदबत्ती फिरवली आणि धूर जिथे हलला तिथे खडूने खूण केली, दहा मिनिटांचं काम, पण खरं दुखणं कळतं.

चांगला साग का फेकायचा सांगा? आणि दोन ट्रॅकची स्लायडिंग उघडली तरी अर्धीच उघडते, एप्रिल-मे मध्ये नाशकात संध्याकाळी जी गार झुळूक येते ती अर्धी बाहेरच राहणार. ट्रॅकची पाणी जायची भोकं धुळीने बुजली की पाणी घरात, ते वेगळंच.

म्हणून दोनच बदलल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या, पूर्ण उघडणाऱ्या, वर पत्र्याचा छज्जा काढला. चारांना नवी लांबी, बिजागऱ्या, ऑइलपेंट, मच्छरजाळी. एक झडप घट्ट बसत होतं पण सुतारमामांनी ऑगस्टमध्ये रंधा मारायला चक्क नकार दिला, म्हणाले लाकूड फुगलंय, आत्ता तासलं तर थंडीत फट पडेल, दिवाळीनंतर बोलवा. किती खरं!

खर्च भाडेकरूने करायचा असं बरेच मालक समजतात. पण करारात वेगळं ठरलं नसेल तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे दुरुस्ती मालकाचीच, आणि किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळात केली नाही तर भाडेकरू स्वतः करून भाड्यातून वळती करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. इन्कम टॅक्समध्ये घरभाड्यावर 30 टक्के वजावट तशीही मिळते, खर्च करा नाहीतर नका करू. मग ती घेऊन भाडेकरूला ओल्यात ठेवणं मला पटत नाही.

यंदाही झड आली, जोरात आली. ताईंनी पलंग हलवलेला नाही.