आईची कूस आणि आजीची मांडी

नागपूरहून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या रामटेकच्या गडावर काळ्या तोंडाच्या वानरांचे कळप दिसतात. या वानरांचे गडद रंगाचे तान्हे पिल्लू जन्मानंतर लवकरच एका मादीकडून दुसरीकडे जाऊ लागते आणि तेवढ्या वेळात आई निवांतपणे पाला खाऊन घेते.

आपले सर्वांत जवळचे आप्त मात्र हे वानर नव्हेत. शेपूट नसलेले ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो हे मोठे कपी आपल्याच कुळातले. त्यांतही चिंपांझी आणि बोनोबो आपल्याला अधिक निकटचे. तरीही अपत्य वाढवण्याच्या बाबतीत हे आप्त आपल्याहून फार वेगळे आहेत. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लाला अंगावेगळे करत नाही, आणि दोन पिल्लांमध्ये साधारण पाच-सहा वर्षांचे अंतर राहते. ओरांगउटानमध्ये तर ते सात-आठ वर्षांचे असते.

जेन गुडॉल यांनी १९६० मध्ये टांझानियातील गोंबे येथे चिंपांझींचा अभ्यास सुरू केला. तेथील फ्लो ही वृद्ध मादी १९७२ मध्ये मरण पावली, तेव्हा तिचा मुलगा फ्लिंट सुमारे आठ वर्षांचा होता. त्या वयाचा चिंपांझी स्वतःचे अन्न स्वतः मिळवू शकतो. पण फ्लिंटने खाणे जवळपास सोडले, तो आजारी पडला आणि महिन्याभरातच मरण पावला. एकाच जिवावर किती भार असतो, हे यातून फार तीव्रतेने जाणवते.

माणसाचे मूल याहून अधिक काळ परावलंबी असते, आणि तरीही शिकारी व अन्नसंग्राहक समाजांत आईला तीन-चार वर्षांतच पुढचे मूल होते. हे तिला एकटीला पेलणारे नाही. टांझानियातल्याच हाडझा समाजात वृद्ध स्त्रिया जमिनीतून कंद खणून काढतात आणि ते नातवंडांच्या पोटी जातात. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या घरात आजी मांडीवर घेऊन बाळाला तेल लावते आणि बाळंतीण घटकाभर झोप घेते, तेव्हा तीच प्राचीन व्यवस्था चालू असते.

म्हणूनच आपल्या बाळाला अनेकांचे चेहरे वाचावे लागतात आणि हसून, हुंकार देऊन अनेकांना आपलेसे करावे लागते. माणसाची परस्परांची मने जाणण्याची क्षमता यातूनच वाढीस लागली, असे काही मानववंशशास्त्रज्ञ मानतात आणि मला ते पटते. चिंपांझीचे पिल्लूही आईच्या डोळ्यांत पाहते, परंतु तिने जवळ राहावे यासाठी त्याला फारसे काही करावे लागत नाही, कारण ती त्याला सहसा दुसऱ्याच्या हाती देतच नाही.