गळानं मासे धरायला बोटीतून समुद्रात नेणाऱ्या गाईडला पैसे कशाचे द्यायचे?

आधी बोटीवरची ही स्क्रीन बघा. बोटीखाली पाण्यात काय आहे ते हे सोनार यंत्र दाखवतंय. आवाजाची लहर खाली जाते, तळाला आपटून वर येते, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. ठळक पट्टी म्हणजे कडक तळ, खडक वगैरे, ती फिकट झाली की समजायचं खाली चिखल आहे. आणि मधेच या ज्या छोट्या कमानी उमटतायत ना, ते मासे.

हे मशीन काय, कुणीही विकत घेऊ शकतं. पण तांडेल बघा, म्हणजे बोट चालवणारा, इथं तोच गाईड, त्याचं स्क्रीनकडे फारसं लक्षच नाहीये, तो बघतोय तिकडं लांब, पक्षी सूर मारतायत तिथं. खालून मोठ्या माशांनी बारक्या माशांचा थवा वर दाबलाय आणि म्हणून पक्ष्यांचं फावलंय. आपण असतो तर बोट थेट त्यात घातली असती. हा लांबून वळसा घालतोय, इंजिन हळू केलंय, कारण थव्यातून बोट गेली की सगळे खाली बसतात आणि मग बसा वाट बघत.

आता नांगर टाकायचं बघा, हे मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं. मासा खडकाच्या कुठल्या बाजूला उभा राहणार हे पाण्याची ओढ ठरवते, बहुतेक वेळा ओढ जिकडून येते त्या बाजूला, कारण खाणं वाहत समोर येतं. म्हणून नांगर खडकावर नाही टाकत, खडकाच्या बराच पुढे, ओढीच्या वरच्या बाजूला टाकतात आणि मग दोर सोडत सोडत बोट मागे येऊ देतात, ती बरोबर जागेवर येऊन थांबते. वारा एकीकडून आणि ओढ दुसरीकडून असली तर बोट तिरकी जाते, तो हिशोब पण आधीच धरावा लागतो. आणि भरती फिरली की सगळं उलटं, सकाळची जागा दुपारी रिकामी. हे जे डोक्यात बसलेलं असतं ना, वर्षानुवर्षं त्याच पाण्यात फिरून, पैसे त्याचे आहेत, बोट तर काय, कुठलीही मिळते.

जरा जवळून बघा, गळाच्या दोरीची गाठ आवळायच्या आधी तो ती ओली करतोय. नायलॉन कोरडंच आवळलं की घासून गरम होतं आणि मोठा मासा लागला की तिथंच तुटतं. दोरी गुंडाळणाऱ्या रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरी किती ताणाला सुटायची तो ब्रेक, पण तो ताणकाट्यावर मोजून लावतोय, दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश, म्हणजे 10 किलो ताणाला तुटणारी दोरी असेल तर अडीच-तीन किलो. नवीन माणूस हा ड्रॅग हमखास जास्त आवळतो.

आणि हा गळ, सर्कल हुक, टोक आत वळलेलं. मासा चावला की झटका द्यायचा नाही, नुसतं रील फिरवत राहायचं, गळ आपोआप सरकून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. बघा, गाईडनं रॉडवर हात ठेवून झटका थांबवला.

याचा फायदा माशालाही होतो. गळ सहसा पोटात जात नाही, सोडायचा मासा जगतो. खोल पाण्यातून वर आलेल्या माशाच्या आतली हवा फुगते, नुसता सोडला तर तो वरच तरंगतो, म्हणून त्याला वजन लावून खाली सोडतायत. हात ओले करूनच धरलाय, अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये म्हणून. किती लांबीचा ठेवायचा, कुठला सोडून द्यायचा, हे नियम जागेप्रमाणे बदलतात आणि चांगल्या गाईडला ते पाठ असतात.

खर्च येतो, बोट लागते, हवा बिघडली तर ट्रिप रद्द होते, मासा मिळेलच अशी हमी कुणी देत नाही.

पैसे भरायच्या आधी विचारून घ्या की अख्खी बोट आपली आहे की फक्त सीट, मासेमारीचा परवाना त्यांच्याकडे आहे की आपण काढायचा, मासा कोण नेणार, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या मापाची आहेत का. आणि नवीन असाल तर पहिल्याच फोनवर तसं सांगा, लाजू नका, तो मग जागा त्याच हिशोबानं निवडतो, रॉड हलका देतो आणि लांब न नेता जवळच्या शांत पाण्यात थांबतो.