चाकूचा सांधा

(इंदूरमधल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

टेबलावर सात चाकू मांडलेत, पण सुरुवात मी अडकित्त्यापासून करतो. रामबागेतल्या आमच्या वाड्यात आजीचा एक जुना अडकित्ता होता. तो कामातून गेला तेव्हा नवा घ्यायला ती मला सोबत घेऊन बर्तन बाजारात गेली. दुकानदारानं पाच-सहा समोर ठेवले. कुणावर मोर, कुणावर वेलबुट्टी. आजीनं नक्षीकडे बघितलंसुद्धा नाही. एकेक अडकित्ता कानाशी नेऊन हलवला. खिळा खुळखुळला की तो बाजूला. उरलेल्यांचं पातं अंगठ्यानं आडवं दाबून पाहिलं. मग मिटून उजेडाकडे धरला. पातं बैठकीवर एका कडेनं टेकतंय आणि दुसऱ्या कडेनं फट दिसतेय, असा असेल तर तोही बाद. शेवटी सगळ्यांत साधा दिसणारा घेतला. घरी येताना म्हणाली, "धार पुन्हा लावता येते रे बाळा. खिळ्याचं भोक मोठं झालं की मग काही करता येत नाही."

पुढे माझी उमेदीची सगळी वर्षं पीथमपूरच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि अवजारं बनवणाऱ्या विभागात गेली. पंच, डाय, जिग, फिक्श्चर. हजारो सांधे हाताखालून गेले आणि आजीनं पाहिलेलं बरोबर होतं याची खात्री पटत गेली. आज हे बोलायचं कारण असं की आपल्याकडची तरुण मंडळी डोंगरात जातात. जानापाव, पातालपानी, पावसाळ्यात मांडूपर्यंत. खिशात एक घडीचा चाकू असावा असं त्यांना वाटतं, आणि ते योग्यच आहे. पण विकत घेताना पात्यावर छापलेलं पोलादाचं नाव वाचतात आणि तिथेच थांबतात. हजार-पाचशे रुपयांच्या चाकूत ते नाव सगळ्यांत शेवटी वाचायचं असतं, हे मला आज सांगायचंय.

हे माझं बोट बघा. उजव्या हाताची तर्जनी, दुसऱ्या पेरावर व्रण आहे. पातालपानीला गेलो होतो. प्लास्टिकच्या कॅनच्या पट्ट्याला भोक पाडायचं होतं म्हणून चाकूचं टोक टेकवून दाबलं. चाकू लॉकवाला होता, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणारा. पात्यावर ऐटीत ४४० हे पोलादाचं नाव कोरलेलं होतं. दाब वाढला आणि लॉक सुटलं. पातं मिटताना मुठीच्या खाचेत जातं, आणि त्या खाचेवर आपलीच बोटं असतात. पाच टाके पडले.

जखम भरल्यावर तो चाकू मी वर्कशॉपमध्ये खोलला. या प्रकाराला लायनर लॉक म्हणतात. मुठीच्या आत पोलादाची पातळ पट्टी असते, ती जराशी आत वाकवलेली. पातं पूर्ण उघडलं की पट्टी उसळून पात्याच्या बुडामागे जाऊन बसते. मायकेल वॉकर नावाच्या अमेरिकन कारागिरानं १९८० च्या दशकात आजचं रूप दिलेली ही रचना सोपी आहे आणि नीट केली तर उत्तम आहे. पण पात्याचं बूड जिथे पट्टीला भिडतं, तो तिरपा पृष्ठभाग नेमका घासलेला लागतो. साधारण ७-८ अंशांचा उतार, आणि तोही सपाट, गुळगुळीत. माझ्या चाकूत त्या जागेवर कच्च्या कापणीचे ओरखडे तसेच होते. पट्टी पूर्ण न भिडता फक्त कोपऱ्यानं टेकत होती. भिंगाखाली तिचा कोपरा दबून चकचकीत झालेला दिसला, मोहरीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. तेवढ्यावर माझं बोट अवलंबून होतं.

म्हणून दुकानात चाकू हातात आला की आधी मिटलेलाच बघा. पातं मुठीच्या दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये बसलंय का? एका बाजूला घासत असेल तर खिळ्याचं भोक वाकडं आहे किंवा वॉशर असमान आहेत. मग सावकाश उघडा. हालचाल पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी हवी, मध्येच अडकून सुटायला नको. उघडल्यावर पात्याचं टोक चिमटीत धरून आडवं हलवा, मग वरखाली. आडवी थोडी हालचाल असेल आणि खिळ्याच्या जागी स्क्रू असेल तर तो आवळून ती जाते. वरखाली हलत असेल तर तो दोष लॉकचा आहे. स्क्रू आवळून तो जाणार नाही. तो चाकू परत ठेवा.

आता लॉक. उघडलेल्या चाकूत पट्टी पात्याच्या बुडावर कुठवर सरकलीय ते मागून बघा. नव्या चाकूत ती बुडाच्या जाडीच्या पाव ते निम्म्या भागापर्यंत आलेली असावी. नवा असतानाच पलीकडच्या कडेला टेकली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. जेमतेम कडेला चिकटली असेल तर माझ्या बोटाची गत. यानंतर मूठ अशी धरा की एकही बोट पात्याच्या वाटेत येणार नाही, आणि पात्याची पाठ टेबलाच्या लाकडी कडेवर टेकवून हळूहळू वजन टाका. काही मुलं पाठ जोरजोरात आपटून बघतात. तसं करू नका, चांगलं लॉकही त्यानं बिघडतं. सावकाश दाब आणि मुठीला थोडा पीळ, एवढ्यात कच्चं लॉक बोलतं.

मग बिनलॉकचा चाकू वाईट का? अजिबात नाही. हा लाल बघा. स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना सुरू केला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू दिले आणि १८९७ मध्ये हा अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. आज आपण त्याला व्हिक्टोरिनॉक्स म्हणतो. यात लॉक नाही, पाठीत एक दणकट स्प्रिंग आहे. उघडताना आणि मिटताना स्वच्छ 'टक' आवाज येतो. चाकूच्या प्रकृतीची परीक्षा त्या आवाजात आहे. स्प्रिंग मरगळलेली असेल तर 'टक'चं 'थप' होतं. आणि लॉक नाही हे हाताला ठाऊक असल्यामुळे माणूस टोकावर जोर देत नाही. खोट्या लॉकपेक्षा नसलेलं लॉक मला जास्त सुरक्षित वाटतं, हे मी अनुभवानं सांगतो.

हा शेजारचा लाकडी मुठीचा ओपिनेल, फ्रान्सच्या साव्वा प्रांतातला, १८९० पासूनचा. बीच लाकडाची मूठ, एक खिळा, एक पातं, आणि १९५५ मध्ये जोडलेलं फिरतं कडं. कडं फिरवलं की पात्याची वाट बंद. बिघडायला यात काही नाहीच. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगून पातं घट्ट होतं, तेव्हा मुठीचं टोक टेबलावर हलकेच ठोकून ते बाहेर काढायचं. स्वस्तात प्रामाणिक काम कसं दिसतं ते बघायचं असेल तर हा चाकू बघावा.

सांध्यानंतर येतं पाणी. आपल्याकडे लोहार म्हणतात, "पात्याला पाणी चांगलं दिलंय." तापवून विझवणं आणि मग बेतानं पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढणं, ही सगळी क्रिया त्या एका शब्दात आहे. शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये जवळपास १३ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं, तेच आपलं स्टेनलेस. पण तिथल्या चाकूवाल्यांनी सुरुवातीला त्यांची टरच उडवली, न कापणारे चाकू शोधणारा माणूस म्हणून. पोलाद चांगलंच होतं. त्याला पाणी कसं द्यायचं हे हातांना अजून माहीत नव्हतं.

टूलरूममध्ये कठीणपणा मोजायला रॉकवेलचं यंत्र असायचं. हिऱ्याचं टोक १५० किलोच्या भारानं दाबायचं आणि ते किती खोल गेलं त्यावरून आकडा काढायचा. त्या मापावर हा स्विस चाकू ५६ च्या आसपास आहे, चांगली कानस ६० च्या वर. पोलाद तेच, पण पाणी बरोबर दिलं तर ५८, घाईत दिलं तर ५२. नाव दोन्हीवर सारखंच कोरता येतं. यंत्र तुमच्याकडे नसणार. बारीक कानस घ्या आणि पात्याच्या बुडाजवळ, जिथे धार नाही तिथे, हलकेच फिरवा. लोण्यावर बसावी तशी रुतली तर पातं मऊ आहे. घसरत-घसरत जराशी चावली तर ठीक. ही परीक्षा अर्थात विकत घेतल्यावरची. दुकानात कानस काढाल तर सियागंजचा दुकानदार हाकलून देईल, आणि त्याचं बरोबरच असेल.

पोलादाची नावं आता चटकन उरकतो. ८सीआर१३एमओव्ही हे चिनी नाव दिसतं तसं अवघड नाही. सुरुवातीचा ८ म्हणजे सुमारे ०.८ टक्के कार्बन, मधला १३ म्हणजे तेवढे टक्के क्रोमियम. तसंच ३सीआर१३ म्हणजे कार्बन ०.३ टक्केच, त्याची धार लवकर वळणार. डी-टू तर आमचं रोजचं पोलाद, पंच आणि डायचं. कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ च्या आसपास. धार फार टिकते. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी जखडलेलं असतं, त्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नाही. लिंबू किंवा कैरी कापून तसंच मिटून ठेवलं की डाग पडतात. आणि नुसतं 'स्टेनलेस' किंवा 'सर्जिकल स्टील' लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. एका दुकानात मला पात्यावरच्या लाटा दाखवून सांगितलं, "भिया, असली दमिश्क है." दमिश्क म्हणजे थर एकत्र ठोकून घडवलेलं, लाटा दिसणारं पोलाद. बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवल्यावर लाटा पुसल्या गेल्या. वर छापलेल्या होत्या.

धारेबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण रोजचा त्रास इथे असतो. हे दोन चाकू आणि हा एक जाम. जाम म्हणजे पेरू, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. पहिल्या चाकूनं कापतो. बघा, पातं आत गेलं आणि फोड सरळ निघाली. आता दुसरा. याचीही धार नखावर टेकवली तर घसरत नाही, म्हणजे तीक्ष्ण आहे. पण ऐका, 'कर्र' आवाज आला. फळ कापलं गेलं नाही, फाटलं. कारण धारेच्या लगेच मागे पातं जाड आहे. पहिल्यात ती जाडी अर्धा मिलिमीटर असेल, दुसऱ्यात दुपटीहून जास्त. हा कुऱ्हाडीचा आकार झाला, लाकूड फोडायला चांगला. कारखान्यात पातं बारीक घासायला वेळ लागतो, घासायचे पट्टे झिजतात, हात लागतो, म्हणून स्वस्तात पहिली काटछाट इथे होते. दुकानात फळ कापता येत नाही, पण पातं डोळ्यासमोर टोकाकडून धरून दोन्ही उतार सारखे आहेत का, ते बघता येतं. एक रुंद आणि एक अरुंद असेल तर घासणाऱ्याची घाई समजा.

घरी नेल्यावर एक जाड खोका पूर्ण कापा आणि दिव्याखाली धार वर करून धरा. चांगली धार दिसतच नाही, काळी रेघ असते. चमकणारे ठिपके दिसले तर तिथे ती वळलीय, पातं मऊ आहे. दाते पडले असतील तर ठिसूळ आहे. पण लगेच निकाल देऊ नका. कारखान्याच्या पट्ट्यावर पहिली धार लावताना कड बऱ्याचदा जळते. दगडावर दोनदा धार लावा, जळलेला भाग निघून जाऊ द्या, मग पुन्हा खोका कापा. दोन धारांनंतर सुधारलेले चाकू मी पाहिलेत. सांधा ढिला असलेला एकही सुधारलेला पाहिला नाही.

मूठ मिनिटभर घट्ट आवळून बघा. हात उघडल्यावर तळव्यावर कड उमटली असेल तर अर्ध्या तासाच्या कामात तिथे फोड येणार.

कायद्याचं विचारलं जातं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीकामाची सोडून. आपले चाकू ३ इंचांचे. तरी बटण दाबून उसळणारे घेऊ नका, त्यांच्याबाबत ठिकठिकाणी वेगळी बंधनं आहेत, आणि कामालाही ते कच्चेच असतात. विमानात हातातल्या बॅगेत कुठलाच चाकू चालत नाही. रामपुरीमुळे आपल्याकडे 'चाकू' म्हटलं की लोक दचकतात. रामपूरनं २०२३ मध्ये चौकात ६ मीटरचा चाकू उभारला, तो आपल्या कारागिरांच्या अभिमानापोटी. खिळा, स्प्रिंग आणि पातं हातानं जुळवणारी ती माणसं आहेत, त्यांच्याकडे त्या नजरेनं बघायला हवं.

आता टेबलाशी या, दोघं-दोघं. सातांपैकी दोन चाकू मी मुद्दाम वाईट आणलेत, कुठले ते सांगणार नाही. डाव्या टोकाला आजीचा अडकित्ताही आहे, तो आधी कानाशी नेऊन हलवा म्हणजे कानाला माप मिळेल. आणि मिटताना बोटं खाचेपासून लांब ठेवा. पातं चिमटीत धरून सावकाश आणा, शेवटचं 'टक' ऐकू येईपर्यंत हात सोडू नका.