पडशील!

(धरमपेठेतल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'प्रौढ वयात ऐकिडो : व्यक्तिगत लाभ'. ऐकिडो म्हणजे एक जपानी युद्धकला. हा मथळा माझा नाही. लाभ म्हटलं की मला मुदत ठेव आठवते. मी दिलं होतं 'पडायला शिका'. आयोजक म्हणाले, मॅडम, काहीतरी शुभ द्या ना. असो. तो मागचा कूलर थोडा कमी करता येईल? नाही? राहू द्या मग, मीच ओरडते. २८ वर्षं नववी-ब ला मराठी शिकवलंय.

मराठीवरूनच सुरू करते, सवय आहे. आपल्या भाषेत माणूस किती पडतो बघा. पाया पडतो, प्रेमात पडतो, आजारी पडतो, निवडणुकीत पडतो आणि मग सगळ्यांच्या गळ्यात पडतो. एवढं सगळं बिनधास्त करतो, फक्त जमिनीवर पडायला घाबरतो. आणि बायांनो, आपण लहानपणी सगळ्यात जास्त ऐकलेलं क्रियापद कोणतं? 'पडशील!' भविष्यकाळ, द्वितीय पुरुष, आणि वरून शाप. झाडावर चढू नको, पडशील. सायकल हळू, पडशील. महालातल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावरून मी शेवटची उडी मारली ती ११ व्या वर्षी. गुडघा फुटला आणि विषय संपला. पुढची ३५ वर्षं मी पडलेच नाही. सगळे याला शहाणपण म्हणायचे. मी याला तक्रार म्हणते, आणि ती आज इथे नोंदवून ठेवते. पोट्टे मात्र तेव्हाही पडत होते, पन्नाशीत मैदानावर क्रिकेट खेळताना आजही पडतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही.

तर मुलीला ऐकिडोच्या वर्गात घातलं. मी भिंतीला टेकून वही तपासत बसायचे. सर म्हणाले, मॅडम, बसायचंच आहे तर आत बसा. सर माझ्यापेक्षा १५ वर्षांनी लहान. मुलीने तीन महिन्यांत सोडलं. मी टिकले. आज आठ वर्षं झाली. काळा पट्टा अजून नाही, विचारू नका.

पहिले कित्येक आठवडे फक्त पडणं. जपानीत त्याला उकेमी म्हणतात, म्हणजे जे येतंय ते अंगावर घेणं. पुढे लोळायचं तर हाताची करंगळीकडची कड जमिनीला, मग कोपर, मग खांदा, आणि तिथून पाठीवरून तिरपं विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत. डोकं टेकवायचंच नाही. मागे पडताना हनुवटी छातीशी आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. दोन्ही हात अंगापासून थोडे बाजूला आणि गादीवर थाप! ती थाप कशाला? एक म्हणजे आपटण्याचा जोर हातभर पसरतो. आणि हात बाजूला गेला की तो अंगाखाली जात नाही. आपण पडताना आधी काय करतो? हात टेकतो. मनगट तिथेच मोडतं. (आमच्या हॉलच्या खाली राहणाऱ्यांना वाटायचं, वर रोज कोणीतरी गाद्या झोडतंय. त्यावरून जे रामायण झालं ते वेगळं, दुसऱ्या व्याख्यानात.)

आता मुख्य गोष्ट. चार वर्षांपूर्वीचा मे महिना. नागपूरचा मे, त्याचं वर्णन तुमच्यासमोर काय करायचं. दुपारी कूलरमध्ये पाणी भरायला गेले. पाइप गळत होता, कोटा फरशीवर पाणी साचलेलं, हातात भरलेली बादली. पाय गेला. खरं सांगते, मी काहीही केलं नाही. केलं ते त्या आठवड्यांनी. बूड खाली गेलं, पाठ गोल झाली, हनुवटी आत, आणि दोन्ही हातांची थाप! बादली गेली दिवाणावर. आतून सासूबाई म्हणाल्या, "काय पडलं बाई?" म्हटलं, "मी पडले." "बरं. मले वाटलं पितळी डबा."

मग वॉकर टेकत दारात आल्या. मी पाण्यात बसलेली आणि हसतेय. त्या हसल्या नाहीत. त्याच्या दोन वर्षं आधी त्या न्हाणीत पडल्या होत्या. उंबऱ्याएवढी उंची. खुब्याचं हाड मोडलं, सळई बसली, तीन महिने अंथरुणाला. तेव्हापासून त्या घरात भिंत धरून चालायच्या. मी उठून पदर पिळला. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मंग तू उठली कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर काही दिवस त्या मला रोज संध्याकाळी दिवाणाच्या गादीवर बसवून म्हणायच्या, कर बरं ते पुन्हा. मी करायचे. त्या बघायच्या. त्यांना या वयात शिकवणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी बघायच्या.

चिठ्ठी आली का? सात मिनिटं. बाप रे, लाभ राहिलेच.

भरभर सांगते. ऐकिडोचे जनक मोरिहेइ उएशिबा, जन्म १८८३, जपानच्या तानाबे गावचे, उंची पाच फुटांच्या आसपास. ताकेदा सोकाकू या गुरूंकडे दाइतो-र्यू ही आधीची युद्धकला शिकले, त्यातून स्वतःची वाट काढली. ऐकिडो हे नाव रूढ झालं १९४२ मध्ये, ते गेले १९६९ ला. ऐ म्हणजे जुळणं, कि म्हणजे प्राणशक्ती, दो म्हणजे मार्ग. जपान आपल्याला परकं नाही, कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर आहे, मूळचे जपानचे भन्ते सुरई ससाई तर आपलेच.

बहुतेक ऐकिडोत सामनेच नसतात. म्हणजे कोणाला हरवायचं नसतं. जोडीदाराला चार वेळा पाडायचं, मग त्याने तुम्हाला चार वेळा. आत्ता ज्याने मला आपटलं, तो १९ वर्षांचा इंजिनिअरिंगचा पोरगा पुढच्या क्षणी स्वतःचा हात माझ्या हातात देतो. वर्गात मी मुख्य शिक्षिका, घरात मोठी सून; या वयात 'मॅडम, पाय चुकला' असं तोंडावर सांगणारं कोण असतं? ते ऐकून बरं वाटतं, हा एक लाभ. दुसरा तेन्कान. समोरून जोर आला की त्याच्या वाटेतून वळायचं, त्याच्याच बाजूला उभं राहायचं. सीताबर्डीत पार्किंगवरून एक माणूस अंगावर आला. मी म्हटलं, दादा, खरंच जागा छोटी आहे. तो गप्प. हात लावावा लागला नाही. मारामारीत ऐकिडो चालतं का, म्हणून विचाराल तर मी अजून तपासलेलं नाही, तपासायचं वयही नाही. तिसरं, झोप. चौथं विसरले. तोटेही आहेत. गुडघ्यांवर चालण्याचा एक प्रकार आहे, शिक्को. माझे गुडघे तो करू देत नाहीत, मी बाजूला बसते. वजन एक किलोही कमी झालं नाही. तर्री पोहे सुटले नाहीत, दुसरं काय. आणि सुरू करणार असाल तर आधी डॉक्टरला विचारा. हाडं ठिसूळ असतील तर नक्कीच.

प्रश्न? वेळ नाही म्हणतात. ठीक. काका, तुम्ही त्या बाजूने येऊ नका, इकडून या. कूलरचं पाणी पायरीखाली आलंय.